जुन्या ट्रॅक्टरला सेकंडहँड लिंकेज बसवलं आणि लिफ्ट उचलेना? पंप खोलायच्या आधी हे बघा

ट्रॅक्टर बदलतो, तक्रार तीच असते. ऊसवाहतुकीतला जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो. इंजिन ठणठणीत, टायर निम्मे, पण मागं टोचनाशिवाय (ट्रॉली ओढायच्या हुकाशिवाय) काही नाही. वर्षानुवर्षं कारखान्याला ट्रॉल्या ओढताना थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार तीन ठिकाणी जोडून उचलणारी मागची दांड्यांची जुळणी, लागलंच नाही. कधीतरी ते काढून गोठ्यामागं टाकलं आणि तिथनं भंगारात गेलं. नवा मालक बाजारात हिंडून बाहेरचं, म्हणजे लोकल बनावटीचं जुनं लिंकेज आणतो, बसवतो आणि रोटाव्हेटर जोडतो. लिव्हर वर घेतली की रोटर गुडघाभर उठतो आणि तिथंच थांबतो. नाहीतर उजवी बाजू उठते आणि डावी लोळते. नाहीतर चेक चेन, म्हणजे लिंका डाव्या-उजव्या फार हलू न देणारी साखळी, सारखी तुटते. गावातला पहिला सल्ला ठरलेला असतो, "पंप गेलाय, किट टाका." किट टाकलं जातं, तेल बदललं जातं, आणि रोटर होता तिथंच.

लिंकेज बसवल्यावर सुरू झालेली तक्रार बहुतेक वेळा लिंकेजचीच असते. बाजारात जे आपण "सेट" म्हणून उचलतो तो बऱ्याचदा सेट नसतोच. डावी लोअर लिंक (अवजार पेलणारी खालची दांडी) एका ट्रॅक्टरची, उजवी दुसऱ्याची, लेव्हलिंग बॉक्स (अवजाराचा कल सरळ करायचा हँडलवाला ॲडजस्टर) तिसऱ्याचा, आणि सगळ्यावर एकच लाल रंग. रंगामुळं ते एका घरातलं वाटतं.

पंप आहे का लिंकेज, हे आधी ठरवा

याला काही खोलावं लागत नाही. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल तापू द्या. आधी हलकं अवजार जोडा, नऊ फणी कल्टिव्हेटर चालेल, आणि मग रोटर. नऊ फणी सरळ वर जातो, रोटर मात्र अर्ध्यात अडकतो. अडकताना इंजिन दबतं आणि सीटखालून बायपासचा, म्हणजे जादा दाबाचं तेल रिलीफ व्हॉल्वमधून सुटण्याचा, "सूंऽऽ" आवाज येतो. असं झालं तर पंप दाब तयार करतोय, आणि त्या दाबाचं बॉलपाशी (लोअर लिंकच्या मागच्या टोकाशी, जिथं अवजार जोडतो) जेवढं उचल-बळ व्हायला हवं तेवढं होत नाही. गडबड मधल्या लोखंडात आहे. रिलीफ व्हॉल्वचा स्प्रिंग मेला असला तरी असाच आवाज लवकर येतो, म्हणून मेकॅनिककडे प्रेशर गेज असेल तर एकदा लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

उलट इंजिनवर बोजाच येत नाही, आवाज नाही, सकाळी गार असताना उचलतं आणि तापल्यावर लोळतं, तर पंप झिजलाय किंवा आतून गळती आहे. धक्के देत उचलतं आणि तेलाला फेस येतो, तर सक्शनची जाळी चोंदलीय किंवा कुठूनतरी हवा ओढतेय. उचलून इंजिन बंद केल्यावर अवजार हळूहळू खाली बसत गेलं तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व बघा. हे बघताना बाजूला उभे राहा. उचललेल्या रोटरखाली वाकून बघणारे लोक मला रोज दिसतात, आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

डिपस्टिकवर तेल दुधासारखं दिसलं तर लिंकेजचा विषय बाजूला ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरकडच्या शिरोळ, हातकणंगले, करवीर भागात पाण्याखाली गेलेले ट्रॅक्टर पुढं हात बदलत राहिले. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत गिअर आणि लिफ्ट एकाच तेलावर चालतात, त्यामुळं एका ठिकाणी शिरलेलं पाणी दोन्हीकडं पोचतं.

उंची कमी पडते का ताकद?

"उचलत नाही" या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिलीत आर्म (लिफ्टचे वरचे दोन हात) पूर्ण वर जातात, लिव्हर शेवटपर्यंत गेलेली असते, बायपास वाजत नाही, तरी अवजार बांधावर वळताना जमिनीला घासतं. ही उंचीची तक्रार झाली. लिफ्ट रॉड, म्हणजे आर्म आणि लोअर लिंक जोडणाऱ्या उभ्या दांड्या, जास्त लांब आहेत, बास. ॲडजस्टर फिरवून आखूड करा. आटे संपले असतील तर योग्य लांबीचा रॉड आणा. रॉड कापून वेल्ड करू नका, कारण सगळं वजन त्याच वेल्डवर लोंबकळणार आहे. फार आखूड केलात तर मात्र नांगर पुरेसा खाली जाणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरीत आर्म मधेच थांबतात आणि बायपास वाजतो. ही ताकदीची तक्रार, आणि इथं लोअर लिंकवरचं एक भोक सगळं ठरवतं. लिफ्ट रॉड लोअर लिंकला जिथं जोडला जातो ते भोक. पहार टेकूवर लावताना हात किती लांब धरायचा याचा जो हिशोब, तोच इथं आहे. लोअर लिंक पुढच्या बॉलच्या मध्यापासून मागच्या बॉलच्या मध्यापर्यंत ८०० मिलिमीटर आहे आणि रॉडचं भोक पुढून ४५० वर आहे, असं धरा. तुम्ही आणलेल्या लिंकवर तेच भोक ४०० वर असेल तर रॉड तेवढ्याच जोरानं ओढूनही बॉलपाशी पोचणारी ताकद ११ टक्क्यांनी घटते. लिंक ९०० ची आणि भोक ४५० वर, तरी घट तेवढीच. वर अवजार १०० मिलिमीटर मागं गेलं म्हणजे पुढची चाकंही हलकी होतात.

रोटरच्या वजनापैकी ११ टक्के ही थोडी गोष्ट नाही. मूळ लिंकेजवर जेमतेम उचलणारा ३५ एचपीचा ट्रॅक्टर नेमका इथंच हरतो. काही लिंकांवर दोन-तीन भोकं दिलेली असतात. रॉड मागच्या भोकात घ्या, ताकद वाढेल आणि उंची थोडी कमी होईल. एकच भोक असेल तर दुसरं पाडायचा मोह आवरा. लिंकची जाडी तिथं पुरेशी ठेवलेली असतेच असं नाही.

आणि कंपनीच्या पुस्तकातली लिफ्टची क्षमता बॉलपाशी सांगितलेली असते. रोटरचं किंवा पलटी नांगराचं वजन बॉलच्या बरंच मागं असतं. पुस्तकातला आकडा बघून "माझा एवढा उचलतो" म्हणण्यात अर्थ नाही.

दोन्ही लिंका जुळ्या आहेत का?

एक बाजू लोळण्याचं सर्वात मोठं कारण हेच आहे आणि ते दुकानातच कळतं. दोन्ही लोअर लिंका फरशीवर शेजारी शेजारी ठेवा. पुढच्या दोन्ही बॉलांतून एकच सरळ सळई आरपार घाला. आता मागची भोकं बघा. दुसरी सळई तिथनं आरपार गेली तर लांबी सारखी आहे. अडली तर किती अडली ते टेपनं मोजा. पाच-सात मिलिमीटरचा फरक बॉलच्या झिजेचा असू शकतो. पंधरा-वीसचा असेल तर त्या दोन वेगळ्या ट्रॅक्टरांच्या लिंका आहेत, दुकानदार काहीही म्हणो. लिफ्ट रॉडची भोकंही याच वेळी एका रेषेत येतात का ते बघा. अशी जोडी बसवली की नांगर तिरका चालतो, ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, आणि ड्रायव्हर बिचारा दिवसभर स्टिअरिंगशी भांडतो.

वाकलेली लिंक ओळखताना घाई करू नका. काही ट्रॅक्टरांच्या लोअर लिंका मुळातच कमरेत वळवलेल्या असतात, टायरपासून लांब राहाव्यात म्हणून. वाक दोन्हींना आरशातल्यासारखा सारखाच असेल तर तो बनावटीतला. एकीला आहे आणि दुसरीला नाही, तर ती कुठंतरी दगडाला अडून वाकलीय.

मग कानस घ्या. बॉलच्या मागची मान, जिथं लिंक बारीक होऊन डोळ्याला मिळते, तिथला रंग बोटभर रुंदीत खरवडा. खाली एकसारखं काळपट फोर्जिंग दिसलं तर ठीक. रंगाखाली पांढरट लांबी (पुट्टी) निघाली, किंवा वेल्डचा खवलेदार पट्टा चमकला, तर लिंक जागेवर ठेवून द्या. डोळा तुटून परत जोडलेला आहे. फोर्ज केलेल्या लोखंडाला गल्लीतल्या वेल्डिंगवर नुसतं टाचलं तर ते वेल्डच्या शेजारी कडक आणि ठिसूळ होतं, आणि पुढची चीर तिथनंच सुरू होते. खोडवा मोडताना पलटी नांगर बुडख्यात अडकला की जो हिसका बसतो तो या मानेवरच येतो.

लेव्हलिंग बॉक्सचा हँडल फिरतो एवढं बघून लोक समाधान मानतात. रॉड दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवा. खडखड आवाज आला तर आटे खल्लास. चालत्या ट्रॅक्टरवर तो आपोआप उलगडत जातो आणि सकाळी लेव्हल केलेला रोटर दुपारी कललेला असतो.

सात सुती का नऊ सुती

लिंकेजची कॅटेगरी म्हणजे मुख्यतः पिनांचं आणि अंतराचं माप. कॅटेगरी १ ला लोअर लिंकची पिन २२ मिलिमीटर, आपल्या फिटरच्या भाषेत सात सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि टॉप लिंकची, म्हणजे वरच्या मधल्या दांडीची, १९, म्हणजे सहा सुती. कॅटेगरी २ ला खालची पिन २८, म्हणजे साधारण नऊ सुती, आणि वरची इंची. अवजाराच्या दोन खालच्या जोडांमधलं अंतर पहिल्यात ६८३ मिलिमीटर, दुसऱ्यात ८२५. ही मापं आंतरराष्ट्रीय प्रमाणात आहेत आणि आपल्याकडं त्यासाठी आयएस ४४६८ आहे.

घोटाळा असा होतो की जुना छोटा ट्रॅक्टर कॅटेगरी १ चा असतो आणि हल्लीचे रोटर, पलटी नांगर सर्रास नऊ सुती पिनांचे येतात. शेतकरी अवजाराचं माप घेऊन बाजारात जातो आणि मोठ्या डोळ्याच्या लिंका आणतो. घरात जुनी सात सुती अवजारंही असतातच. ती तशीच मोठ्या भोकात अडकवली की सहा मिलिमीटरचा खुळखुळा तयार होतो. दर वळणावर ठोका बसतो, डोळा अंडाकृती होतो, लिंच पिन (पिनेला अडवणारी छोटी कडीची पिन) उडते. यावर इलाज बुशचा. तयार बुश मिळतो, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवर कॉलरवाला बुश काढून देतील. तो सैल घालायचा, बॉलमध्ये वेल्ड करायचा नाही. वेल्डच्या उष्णतेनं बॉलची कडकी जाते आणि तो सॉकेटमध्ये फिरायचा थांबतो. उलट प्रकारची चूक जास्त वाईट, म्हणजे सात सुती बॉलमध्ये बसावी म्हणून नऊ सुती पिन टर्न करून बारीक करणं. अवजार जड आणि पिन हलकी, हे जमत नाही.

मागच्या टोकाची मापं प्रमाणात आहेत म्हणून लोक निर्धास्त असतात आणि पुढचं टोक मोजायचंच विसरतात. पुढचा बॉल ट्रॅक्टरच्या ॲक्सलखालच्या पिनवर बसतो आणि तिथं प्रत्येक घराण्याचं चलन वेगळं. महिंद्राचे जुने बी-२७५ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या घराण्यातले, टाफेचे मॅसी फर्ग्युसनचे, एचएमटीचे सुरुवातीचे चेक झेटरचे, एस्कॉर्ट्सकडे फोर्ड. कुठं ब्रॅकेटमध्ये पिन, कुठं आडवा बार, आणि दोन पुढच्या जोडांमधलं अंतरही वेगळं. त्यामुळं मागून तंतोतंत बसलेलं लिंकेज पुढून रेटून, वॉशर घालून बसवावं लागलं तर ते तुमच्या ट्रॅक्टरचं नव्हे. लिंका टायरला घासायला लागतात तेही इथनंच. १२.४ इंच रुंदीच्या जागी १३.६ चे टायर टाकले असतील तर आधीच प्रत्येक बाजूला दीड सेंटिमीटर जागा गेलेली असते.

चेन का तुटते

नवी चेन आणून काही होत नाही, जाड चेन आणून तर ब्रॅकेट उखडतो. चेक चेनचं पुढचं टोक जिथं अडकवलंय ते आणि लोअर लिंकचा पुढचा बॉल साधारण एका आडव्या रेषेत हवेत. तसं असलं की लिंक वर-खाली जाताना चेनचा ताण बदलत नाही. परक्या लिंकेजबरोबर आलेला ब्रॅकेट जिथं बोल्ट बसेल तिथं लावला, समजा दोन-तीन इंच खाली, तर खाली असताना सैल वाटणारी चेन वर जाताना ताणत जाते आणि शेवटच्या वितीला लिफ्टच तिला तोडते.

तपासायला सोपं आहे. अवजार न जोडता दोन्ही लिंकांच्या मागच्या टोकांमध्ये योग्य लांबीचा आडवा बार पिनांनी अडकवा, म्हणजे त्या हलणार नाहीत. आता आर्म अगदी खालून वरपर्यंत टप्प्याटप्प्यानं न्या, आणि प्रत्येक टप्प्यावर इंजिन बंद करून बाजूनं चेन चाचपत जा. मधे कुठं ताठ झाली तर ब्रॅकेटची जागा चुकलीय. नांगराला चेन थोडी मोकळी, अवजार दोन-चार सेंटिमीटर डावं-उजवं हलेल इतपत. रोटरला आवळून.

टॉप लिंक, आणि नांगर वर-खाली उड्या मारतो तेव्हा

टॉप लिंक म्हणजे नुसता ताणा नव्हे. हॅरी फर्ग्युसनच्या ज्या रचनेला १९२६ साली ब्रिटनमध्ये पेटंट मिळालं आणि जी १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळं जगभर गेली, तिचं मर्म असं की नांगराला जमिनीचा विरोध वाढला की टॉप लिंक पुढं दाबली जाते आणि तो दाब लिफ्टला "थोडं उचल" म्हणून सांगतो. आपण ज्याला एडीडीसी (ऑटोमॅटिक डेप्थ अँड ड्राफ्ट कंट्रोल) म्हणतो ते हेच. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत टॉप लिंक ज्या ब्रॅकेटला अडकते त्याच्यामागं मोठा स्प्रिंग असतो आणि तिथनं आत व्हॉल्वला दांडी जाते.

वाहतुकीच्या ट्रॅक्टरांत हा ब्रॅकेट हरवलेला असतो आणि त्या जागी कुणीतरी दहा एमएमची प्लेट बोल्ट करून दिलेली असते. टॉप लिंक अडकते, रोटर चालतो, कुणाची तक्रार नाही. पण नांगराला ड्राफ्ट कंट्रोल मेलेला असतो. मळीच्या मऊ रानात नांगर पाताळात जातो, चाकं जागेवर फिरतात, ड्रायव्हर लिव्हरशी खेळत बसतो आणि दोष लिफ्टला लागतो. मूळ ब्रॅकेट, स्प्रिंगसकट, त्याच मॉडेलचा शोधा. मी तर म्हणेन लिंकेजच्या सगळ्या सामानात पैसे घालायची पहिली जागा ही. लोअर लिंका लोकल चालतील, हा भाग नको. स्प्रिंग असेल तर तो हातानं पुढं-मागं हलतोय का बघा. स्प्रिंगच्या आणि ब्रॅकेटच्या मधे खेळ असेल तर लिफ्ट नांगरटीत सारखी थरथरते.

टॉप लिंकच्या लांबीवर रोटरच्या पीटीओ शाफ्टचा (इंजिनची ताकद रोटरला देणाऱ्या दांड्याचा) कोनही अवलंबून असतो. फार आखूड असेल तर रोटर उचलल्यावर क्रॉस (शाफ्टचा सांधा) करकरतो. पीटीओ बंद करूनच उचलायची सवय असेल तर वाचतो, पण लांबी बरोबर हवी.

एक धोक्याची गोष्ट. या ब्रॅकेटला साखळी अडकवून रुतलेली ट्रॉली ओढू नका. ओढ ॲक्सलच्या वर गेली की पुढची चाकं उठतात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर मागं उलटतो, तेही उडी मारायला वेळ न देता. ओढायचं ते टोचनानंच.

बाजारात जाताना

घरी ट्रॅक्टरवर मापं घ्या आणि कागदावर लिहा: पुढच्या दोन पिनांची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर, वरच्या आर्मच्या भोकापासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, आर्म पूर्ण खाली आणि पूर्ण वर असताना त्या भोकाची जमिनीपासूनची उंची, टायरच्या आतल्या कडांमधली जागा. शेजाऱ्याकडं त्याच मॉडेलचा धड लिंकेजवाला ट्रॅक्टर असेल तर सगळ्यात उत्तम. त्याच्या लोअर लिंकची लांबी आणि लिफ्ट रॉडच्या भोकाची जागा टेपनं घ्या, दोन फोटो काढा. टेप, कानस आणि दोन सरळ सळया बरोबर असू द्या.

भंगारवाला किलोवर देत असेल तर सुटे भाग निवडायची मुभा मागा. लिंका एकाकडच्या, लेव्हलिंग बॉक्स दुसरीकडचा, असं जुळवलेलं लिंकेज वाईट नसतं, फक्त ते तुमच्या मापानं जुळलेलं हवं. पिना आणि लिंच पिना जुन्या घेऊच नका. ईएन ८ पोलादाच्या पिना नव्या करून घेतल्या तरी एकूण खर्चात त्या किरकोळ आहेत. पावतीवर "बसलं नाही तर आठ दिवसांत परत" एवढं आणि ट्रॅक्टरचं मॉडेल लिहून घ्या. लिहून द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडच्या लिंका पुन्हा एकदा सळई घालून बघा.